सत्तेचाळिसाव्या पानावरचं वाक्य

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीच्या वकिलांनी जेराल्डीन फुर्ताडोकडे त्रेसष्ट पानांचा मसुदा पाठवला. वर चिठ्ठी होती : ‘शुक्रवारपर्यंत नजर टाकून परत करावा.’ नजर टाका म्हणजे वाचू नका, एवढं तिला तीस वर्षांच्या नोकरीनंतर कळत होतं. तिने चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

मेरोविन कंपनी बॉस्टनच्या वरच्या अंगाला, वूबर्नमध्ये होती. महामार्गाला चिकटून एक चपटी काचेची इमारत, पुढे भलंमोठं पार्किंग. रक्ताच्या कर्करोगावर ज्यांची सगळी औषधं करून झाली अशा माणसांच्या पांढऱ्या पेशी काढून आणायच्या, निरुपद्रवी केलेल्या एका विषाणूकडून त्यांत नवं जनुक घालून घ्यायचं, प्लास्टिकच्या पिशवीत त्या वाढवायच्या आणि तीन आठवड्यांनी त्याच माणसाच्या अंगात परत सोडायच्या, हा कंपनीचा धंदा. औषध अजून चाचणीतच होतं; सरकारी परवाना यायचा होता. जेराल्डीन तिथली गुणवत्ताप्रमुख. तिची सही झाल्याखेरीज एक पिशवी बाहेर जात नसे. अठ्ठावन्न वर्षांची, ठेंगणी, केस कानाच्या वर कापलेले. न्यू बेडफर्डच्या पोर्तुगीज वस्तीत ती वाढली. बाप धक्क्यावर मासळी तपासायला होता. तो म्हणायचा, जो ‘ताजी, ताजी’ म्हणून ओरडतो त्याची पाटी आधी हुंगायची.

ही त्रेसष्ट पानं म्हणजे वार्षिक अहवालातलं जोखमीचं प्रकरण. ज्या कंपनीचे शेअर बाजारात आहेत तिला ते दरवर्षी लिहावं लागतं. आपलं काय काय वाटोळं होऊ शकतं ते सगळं आधीच सांगून टाकायचं, म्हणजे उद्या खरोखरच झालं तर शेअरवाल्यांना गळा काढता येत नाही. आमचं औषध लागू पडणार नाही असं होऊ शकतं. परवाना नाकारला जाऊ शकतो. दुसरी कंपनी आमच्या आधी पोचू शकते. विषाणू एकच कारखाना पुरवतो, तो बंद पडू शकतो. वरिष्ठ अधिकारी कंपनी सोडून जाऊ शकतात.

“जाऊ देत की,” जेराल्डीन स्वतःशी पुटपुटली आणि पान उलटलं.

एकोणतिसाव्या पानावर ती थबकली. ‘फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील आमच्या कारखान्यास चक्रीवादळाचा धोका आहे.’ मेरोविनची फ्लोरिडात एक खुर्चीसुद्धा नव्हती. अडतिसाव्या पानावर तर भलत्याच कंपनीचं नाव राहून गेलं होतं. म्हणजे वकिलांनी कुणाचं तरी जुनं प्रकरण उचलून नाव तेवढं बदललं होतं, आणि तेही धड बदललं नव्हतं. शेजारच्या घरची मयत आपल्या ओट्यावर आणून रडायला बसावं तसला हा प्रकार. आणि ह्या रडण्याचे तासावर पैसे.

सत्तेचाळिसाव्या पानावर वाक्य होतं : ‘पेशी वाढवताना काही बॅचेस अपयशी ठरू शकतात व त्यामुळे रुग्णाच्या उपचारास विलंब होऊ शकतो.’

गेल्या उन्हाळ्यापासून अकरा रुग्णांच्या बॅचेस झाल्या होत्या. त्यातल्या तीन वाढल्याच नाहीत. नऊ नंबर, चौदा नंबर आणि सतरा नंबर. नऊ आणि चौदा यांच्या पेशी दुसऱ्या खेपेला कशाबशा उभ्या राहिल्या. सतरा नंबरचा माणूस दुसऱ्या खेपेची वाट बघताना गेला.

जेराल्डीनने ‘ठरू शकतात’वर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं : ‘ठरल्या आहेत. अकरात तीन. एक माणूस मेला.’ मसुदा तिने गुरुवारीच परत पाठवला.

शुक्रवारी सकाळी तिला वर बोलावणं आलं. ग्रॅहम लॉकरिज हा कंपनीचा मुख्य अधिकारी. वय बेचाळीस, दात फार पांढरे. याआधी तो घरोघरी टपालाने कुत्र्यांचं खाणं पाठवणारी कंपनी चालवायचा. ती त्याने चांगल्या भावाने विकली म्हणून संचालकांनी त्याला इथे आणून बसवला. पेशी कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं, पण ‘पेशी’ हा शब्द उच्चारताना तो छातीवर हात ठेवायचा. जेराल्डीनला तो जेरी म्हणायचा. सहा वर्षांत त्याला कुणी तसं म्हणायला सांगितलं नव्हतं.

त्याच्या शेजारी सिल्व्हिया ऑर्डवे बसली होती, बॉस्टनची वकीलबाई. करडा कोट, करडे केस, समोर तोच मसुदा.

“जेरी, तुझा शेरा वाचला,” लॉकरिज म्हणाला. “तुझी तळमळ आवडली मला.”

“तळमळ कसली? आकडा आहे तो.”

“बाई, असं बघा,” ऑर्डवे म्हणाली, “होऊ शकतं म्हटलं की त्यात झालेलंही आलंच. भाषा व्यापक आहे. त्यात सगळं मावतं.”

“माझा नवरा मरू शकतो असं मी सांगत फिरते का? तो मेलाय. बारा वर्षं झाली.”

ऑर्डवेने पेन खाली ठेवलं. “प्रश्न एवढाच आहे की गुंतवणूकदाराच्या दृष्टीनं ही बाब मोठी आहे का? अकरा हा फार लहान नमुना आहे.”

“मग उरलेल्या आठांतले किती बरे झाले त्याची टक्केवारी खाली भिंतीवर पुरुषभर उंचीत रंगवलीत, तेव्हा नाही का तो लहान वाटला?”

लॉकरिज हसला. हसणं हे त्याच्या कामाचं हत्यार होतं; न्हाव्याचा वस्तरा असतो तसं. “जेरी, जीवशास्त्र अवघड असतं.”

“जीवशास्त्राला मध्ये ओढू नकोस. ते बिचारं होतं तसंच आहे. पिशवी बदलली.”

पिशवीची गोष्ट अशी. ज्या पिशवीत पेशी वाढायच्या ती ओहायोतल्या एका कारखान्यातून यायची. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी प्लास्टिक बदललं आणि चार ओळींचं पत्र धाडलं : ‘किरकोळ बदल.’ पत्रावर कुणीतरी ‘पाहिलं’ असा शिक्का मारला. त्यानंतर बॅचेस फसायला लागल्या.

“ते सिद्ध झालेलं नाही,” लॉकरिज म्हणाला.

“सिद्ध करायला सहा आठवडे द्या म्हणून ऑक्टोबरपासून गळा फाडतेय मी.”

“देणार आहोत ना. परवाना येऊ दे एकदा. आत्ता मार्चमध्ये आपण नवे शेअर काढतोय. तू हुशार आहेस, जेरी. कुठली गोष्ट कधी बोलायची ते तुला सांगायला नको.”

जेराल्डीन उठली. दारापाशी जाऊन म्हणाली, “आणि ते फ्लोरिडाचं चक्रीवादळ तेवढं काढा. वाऱ्याला उगाच बदनाम करताय.”

पुढच्या शनिवारी कंपनीत रुग्णदिन होता. लॉकरिजच्या डोक्यातून निघालेलं हे आणखी एक पिल्लू. खालच्या दालनात त्याने जहाजावरची एक पितळी घंटा टांगली होती. रुग्णाची पिशवी तयार होऊन निघाली की सगळ्यांनी काम टाकून खाली यायचं आणि घंटा वाजवून टाळ्या पिटायच्या. सतरा नंबरच्या वेळी तर त्याच्या पेशी नुसत्या आत आल्या त्याच दिवशी घंटा वाजवली होती, कारण न्यूयॉर्कचे दोन गुंतवणूकदार भेटीला आले होते आणि त्यांना काहीतरी वाजवून दाखवायचं होतं. त्या टाळ्या जेराल्डीनने वरून, जिन्याच्या कठड्यापाशी उभं राहून ऐकल्या होत्या.

रुग्णदिनाची आमंत्रणं हॉस्पिटलांमार्फत गेली. चाचणीतल्या रुग्णांची नावं कंपनीला कळायची नसतात. नंबर तेवढे कळतात. कुठल्यातरी हॉस्पिटलातल्या कुठल्यातरी यादीत मेलेल्याचं नाव खोडायचं राहिलं. म्हणून दुपारी दोन वाजता गडद निळा कोट घातलेली एक म्हातारी हातात अक्रोडाच्या केकचा डबा घेऊन दारात उभी राहिली. तिचं नाव पॉलीन देरोशर. लोवेलहून दोन बस बदलून ती आली होती.

“सतरा नंबर कुणी केला हो?” तिने दारातल्या मुलीला विचारलं. “नवऱ्याच्या मनगटावर तो नंबर होता. त्या माणसाला मला भेटायचंय.”

लॉकरिज पुढे झाला आणि त्याने तिचा मोकळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “तुमचे पती आमच्या प्रवासाचा भाग आहेत.”

“होते,” पॉलीन म्हणाली. “आणि प्रवास कसला? लोवेलहून बॉस्टनला जायचो आम्ही, शेजारच्या मार्गारेटच्या गाडीतून. नऊ वेळा. मागच्या सीटवर ओकायचा तो.”

“आमच्यासाठी तुम्ही ही घंटा वाजवाल का? आशेसाठी?”

तिने घंटेकडे पाहिलं, मग त्याच्या दातांकडे. “नको,” ती म्हणाली. “केक कुठे ठेवू?”

जेराल्डीनने पुढे होऊन डबा घेतला आणि तिला खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं. “मी तपासते ते सगळं. सतरा नंबर माझ्या हाताखालून गेला. पेशी वाढल्या नाहीत. दुसऱ्यांदा लावल्या, तेव्हा वेळ संपली होती.”

“का नाही वाढल्या?” पॉलीनचा आवाज चढला नव्हता. “आम्हाला सांगितलं की आर्मंडचं रक्तच थकलेलं होतं. ते त्याच्या फार मनाला लागलं बघा. एकेचाळीस वर्षं शाळेच्या बस दुरुस्त केल्या त्यानं. थंडीत एक पोर रस्त्यात अडकू दिलं नाही. आणि शेवटी म्हणायचा, पॉलीन, माझंच इंजिन नालायक निघालं गं.”

“त्यांचं रक्त चांगलं होतं. पहिल्या दिवशीचा आकडा मी स्वतः पाहिलाय. पेशी चांगल्या होत्या.”

“मग?”

सिल्व्हिया ऑर्डवे कधी येऊन मागे उभी राहिली होती कोण जाणे. नुसती उभी राहिली, हातात सरबताचा पेला घेऊन. जेराल्डीनच्या तोंडाशी आलेलं तोंडातच राहिलं. “तपास चालू आहे,” ती म्हणाली. स्वतःच्या तोंडून ते तीन शब्द ऐकले आणि तिला वाटलं, लॉकरिजला हसायचा आपल्याला काय अधिकार?

पॉलीनने केकचा रिकामा डबा परत मागून घेतला आणि ती गेली.

सोमवारी जेराल्डीनने दुसरी चाल केली. अहवाल बाहेर पडायच्या आधी प्रत्येक खातेप्रमुखाला एक कागद सही करून द्यावा लागे : माझ्या माहितीतलं महत्त्वाचं असं काही या अहवालातून गाळलेलं नाही. सगळ्यांच्या सह्या आल्या. जेराल्डीनने कागद कोराच ठेवला. गुणवत्ताप्रमुखाची सही नसली तर हिशेब तपासणारे विचारतील, ‘का नाही?’ आणि मग ते सांगावं लागेल.

लॉकरिजने आधी गोड बोलून पाहिलं. मग तिच्या निवृत्तीला किती वर्षं राहिली याची प्रेमाने चौकशी केली.

“सात,” ती म्हणाली. “पण तुला घाई असेल तर मला आजच सोडून दे. जाताना मी सरकारी औषध खात्यात डोकावून जाईन. माझ्या वाटेवरच आहे ते.”

तिच्या वाटेवर ते बिलकूल नव्हतं. पण लॉकरिजचा चेहरा पडला.

मग दोन दिवस एका वाक्यावर घासाघीस झाली. ऑर्डवेने लिहिलं, ‘मर्यादित प्रसंगी काही बॅचेस’. जेराल्डीनने ‘मर्यादित प्रसंगी’ खोडून ‘अकरापैकी तीन’ केलं. ऑर्डवेने ‘रुग्णाचा दुर्दैवी अंत’ लिहिलं. जेराल्डीनने ‘दुर्दैवी’ उडवलं; दैवाने प्लास्टिक बदललं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं : ‘अकरापैकी तीन बॅचेसमध्ये पेशी पुरेशा वाढल्या नाहीत. यातील एका रुग्णाचा उपचारापूर्वी मृत्यू झाला. वाढीच्या पिशवीच्या प्लास्टिकमधील बदल हे याचे कारण असावे का, याचा तपास झालेला नाही.’ जेराल्डीनने सही केली.

वाक्य तिच्या मनासारखं झालं, पण जागा त्यांनी निवडली. पान सत्तेचाळीसच, पण वर एकोणतिसाव्या पानावरून हलवलेलं चक्रीवादळ, खाली परदेशी चलनातले चढउतार, आणि मध्ये सांदीत आर्मंड देरोशर. फ्लोरिडा खोडून मॅसॅच्युसेट्स केलं होतं. वादळ तसंच ठेवलं होतं.

अहवाल निघाला त्या दिवशी जेराल्डीन सकाळपासून फोनशेजारी बसून होती. बाजारात हलकल्लोळ होईल, फोन येतील, वर्तमानपत्रं येतील. दुपारी लॉकरिजने बाजारातल्या मोठमोठ्या अभ्यासकांशी फोनवर सभा घेतली. ती ऐकायला कंपनीतले सगळे जमले. एकाने विचारलं, युरोपात कधी जाणार? दुसऱ्याने विचारलं, घंटेचं इतकं ऐकलंय, एकदा ऐकवता का? लॉकरिजने ती खरंच ऐकवली. तिसऱ्याने त्याचं अभिनंदन केलं. सत्तेचाळिसाव्या पानाचं नाव कुणी काढलं नाही. ही माणसं कंपन्या वाचून पोट भरतात आणि त्यांना वाचता येत नाही, किंवा येतं पण कंटाळा येतो. संध्याकाळी शेअर चढला. पुढल्या आठवड्यात नवे शेअर काढले, ते एका सकाळीत खपले.

“बघितलंस?” लॉकरिज जिन्यात तिला म्हणाला. “उगाच घाबरत होतो आपण.”

ते पान वाचणारा एकच माणूस निघाला. तो मे महिन्यात आला. औषध खात्याचा निरीक्षक, आडनाव टॅगर्ट. परवाना देण्याआधी कारखाना बघायला आलेला. पन्नाशीचा, पायात जाड तळाचे बूट, दुपारचं जेवण घरून कागदात बांधून आणलेलं. कंपनीची कॉफीसुद्धा त्याने घेतली नाही. लॉकरिज त्याला घंटा दाखवायला घेऊन निघाला, तेव्हा तो म्हणाला, “आधी नोंदवह्या.”

जेराल्डीनसमोर बसून त्याने पिशवीतून एक छापील पान काढलं. एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती.

“हे कुणी लिहिलं?”

“मी. बरंचसं.”

“बरंचसं म्हणजे?”

“जागा वकिलांनी निवडली.”

टॅगर्ट हसला नाही. त्याने तिन्ही बॅचेसच्या वह्या मागितल्या आणि पूर्ण दिवस त्या वाचत बसला. दुसऱ्या दिवशी त्याने पिशव्यांच्या साठ्याची वही उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“ऑक्टोबरमध्ये जुन्या प्लास्टिकच्या सहा पिशव्या शिल्लक होत्या. त्या कुठे गेल्या?”

जेराल्डीनला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. सात महिने माहीत होतं.

“तुमच्यासाठी ठेवल्या,” ती म्हणाली. “परवान्यासाठी तीन बॅचेस करून दाखवायच्या असतात ना, दर बॅचला दोन पिशव्या, त्यासाठी. निरोगी माणसांच्या पेशींवर. त्या छान वाढल्या.”

“चौदा नंबर फसल्यावर हे ठरलं?”

“हो.”

“तुम्हाला पिशवीचा संशय आला त्यानंतर?”

“हो.”

“आणि सतरा नंबर नव्या पिशवीत लावला.”

“हो.”

“वाटपावर सही कुणाची?”

तिने वही फिरवून त्याच्यापुढे सरकवली. निळ्या शाईत, कुणालाही वाचता येईल अशी गोल, शाळकरी सही : जी. फुर्ताडो. त्या वेळी लॉकरिजने तिला हिशोब घालून दिला होता. दाखवायच्या बॅचेस फसल्या तर परवाना जाईल. परवाना गेला तर पुढच्या शेकडो रुग्णांना काहीच मिळणार नाही. आणि सतरा नंबरची नव्या पिशवीतही वाढेल कदाचित, आठांची वाढलीच ना? कुत्र्याचं खाणं विकणाऱ्याचं गणित होतं ते. पण त्या दिवशी तिला ते पटलं होतं. नको म्हणायला एक शब्द पुरला असता आणि तो तिने काढला नव्हता.

टॅगर्टने लिहून घेतलं. “कळलं,” तो म्हणाला, आणि पान उलटलं.

ऑगस्टमध्ये सरकारी पत्र आलं. पिशवीचा प्रश्न सुटेपर्यंत परवाना नाही. सकाळी साडेनऊला बाजार उघडला आणि दहापर्यंत शेअरचा पाव भाग उरला. ज्या अभ्यासकाने घंटा ऐकायला मागितली होती त्याने दुपारी लिहिलं की या कंपनीवर आपला पहिल्यापासून विश्वास नव्हता. शेअरवाले कोर्टात गेले : आम्हाला फसवलं, पिशवीचं दडवून ठेवलं, लॉकरिजकडून भरपाई घ्या.

आणि इथे जेराल्डीनच्या कष्टांचं फळ भलत्याच्याच ओटीत पडलं. सिल्व्हिया ऑर्डवेने न्यायाधीशापुढे अहवाल ठेवला, सत्तेचाळिसावं पान. दडवलं कुठे? अकरापैकी तीन, आकड्यानिशी. मृत्यू, स्पष्ट शब्दांत. पिशवी, तीही आहे. तपास झालेला नाही हेसुद्धा आम्हीच सांगितलं. वाचलं नाही त्याला आम्ही काय करणार? पुढल्या वर्षी मार्चमध्ये न्यायाधीशाने दावा फेटाळला. जे वाक्य लॉकरिजला हवं नव्हतं, ज्याच्यासाठी त्याने तिला घालवायची धमकी दिली, तेच वाक्य त्याच्या अंगावर चिलखतासारखं बसलं. एक दमडी त्याच्या खिशातून गेली नाही.

महिन्याभराने तो कंपनी सोडून चालला. केस परत उगवून देणाऱ्या कुठल्याशा नव्या कंपनीने त्याला उचललं होतं. निरोपाच्या दिवशी तो मुद्दाम खाली जेराल्डीनच्या खोलीत आला.

“तू मला वाचवलंस, जेरी. हे मी कधी विसरणार नाही.”

“मीही नाही. रोज सकाळी तोंड धुताना आठवतं.”

तो हसला. त्याला वाटलं, गंमत करतेय. “तिथे तुझ्यासारखं माणूस लागेल मला. सरळ, खरं बोलणारं.”

“जेराल्डीन,” ती म्हणाली.

“काय?”

“नाव. जेराल्डीन. आता दार लाव बाहेरून, आत धूळ येते.”

न्यू जर्सीच्या एका मोठ्या कंपनीने मेरोविन मातीमोलाने घेतली. एकशे दहा माणसांतली चाळीस ठेवली, त्यांत जेराल्डीन होती. नव्या मालकांना घंटेत रस नव्हता. तिने मागितलेले सहा आठवडे त्यांनी पहिल्याच बैठकीत दिले. कुणी भाषण केलं नाही. प्रयोगात दिसलं की नव्या प्लास्टिकमधून काहीतरी झिरपतं आणि काही माणसांच्या पेशींना ते सोसत नाही. ओहायोच्या कारखान्याला जुनं प्लास्टिक परत आणायला लावलं. त्यानंतरच्या चौदाच्या चौदा बॅचेस वाढल्या. त्याच्या पुढल्या वर्षीच्या जानेवारीत परवाना मिळाला.

परवाना मिळाला त्या रविवारी जेराल्डीन लोवेलला गेली. पत्ता शोधायला तिला अवघड गेलं नाही. आर्मंडच्या मृत्यूची बातमी तिथल्या पेपरात होती आणि देरोशर आडनावाचं त्या गल्लीत एकच दार होतं. तीन मजली लाकडी घर, पॉलीन दुसऱ्या मजल्यावर. चुलीवर वाटाण्याचं सूप उकळत होतं.

“केकवाली,” जेराल्डीनला बघून पॉलीन म्हणाली. “म्हणजे केक माझा होता. तुम्ही डबा परत दिलात. या, बसा. कोट काढा.”

जेराल्डीनने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. औषधाला परवाना मिळाल्याचं सांगितलं. पॉलीनने मान हलवली. चांगलं झालं म्हणाली, कुणाच्या तरी घरी उपयोग होईल. सूप घेणार का विचारलं.

“आधी ऐकून घ्या,” जेराल्डीन म्हणाली, आणि तिने सांगितलं. प्लास्टिक. ऑक्टोबर. सहा जुन्या पिशव्या आणि त्या कुणासाठी राखल्या ते. सही.

पॉलीन उभीच होती, हातात पळी. “आर्मंडला जुनी पिशवी मिळाली असती तर?”

“बहुतेक वाढल्या असत्या पेशी.”

“बहुतेक काढ त्यातलं.”

“वाढल्या असत्या.”

“आणि जगला असता तो?”

“ते मला खरंच माहीत नाही. दहातली चार-पाच माणसं जगतात.”

“त्या दिवशी मी विचारलं होतं तुला. मग, असं विचारलं होतं. का नाही सांगितलंस?”

“मागे वकीलबाई उभी होती.”

“एवढंच?”

“नाही,” जेराल्डीन म्हणाली. “मी भ्याले. माझी सही होती म्हणून.”

पॉलीनने चूल बंद केली.

“तो स्वतःला नालायक म्हणत मेला,” ती म्हणाली. “आणि मी त्याला नाही म्हणाले नाही. मला वाटलं डॉक्टर म्हणतायत तर असेल तसंच. तू नुसतं रक्त चांगलं होतं म्हणालीस. मला वाटलं म्हातारीचं मन राखतेय. जवळजवळ दोन वर्षं, बाई. दर रविवारी त्याच्या कबरीवर जाते मी. काय बोलत असेन तिथं?”

जेराल्डीन उठून उभी राहिली.

“तुमचा तो दातांचा साहेब, त्याला मी दारातच ओळखला. त्याच्याकडून कसली अपेक्षा ठेवायची? पण तू डबा घेतलास, खुर्ची दिलीस. मी घरी येऊन मार्गारेटला सांगितलं, तिथं एक बाई बरी आहे.” तिने पळी बशीत ठेवली. “कोट घे तुझा.”

जेराल्डीनने कोट घेतला. जिना उतरताना वरून कडी लागल्याचा आवाज आला. ती गाडीत बसली, काचेवरचं बर्फ खरवडायला परत उतरली, पुन्हा बसली आणि वूबर्नच्या रस्त्याला लागली. सोमवारी सकाळी सातला दोन माणसांच्या पेशी यायच्या होत्या.